स्पीडबोट घ्यावी की केबिनवाली? आधी व्याजाचा हिशेब

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ टाउनहाउसमध्ये राहतो. मुलगा चौदा वर्षांचा, मुलगी नऊ. उन्हाळ्यात आई-बाबा पुण्याहून दोन-तीन महिने येतात. ९०,००० डॉलरच्या आसपास एक वापरलेली बोट घ्यायचं ठरतंय. मला आणि मुलाला २७ फुटी, दोन इंजिनांची स्पीडबोट आवडली आहे. बायकोचं मन २९ फुटी केबिन क्रूझरवर आहे. त्यात झोपायला जागा, छोटा ओटा आणि टॉयलेट आहे. मित्र म्हणतो, केबिनवाली घे, तिच्या कर्जाचं व्याज करातून वजा होतं, बोट जवळपास फुकटात पडते. हे खरं का? पुण्याच्या फ्लॅटचं कर्जही अजून फिटलेलं नाही. गाडी म्हणाल तर टोयोटा सिएना. मित्रमंडळी पेट्रोलचे पैसे वाटून घ्यायला तयार आहेत, त्यात काही अडचण आहे का?

उत्तर : मित्राची माहिती बहुतांशी बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा.

अमेरिकी करकायद्यात दुसरं घर विटा-सिमेंटचंच हवं असं नाही. झोपायची, स्वयंपाकाची आणि टॉयलेटची सोय असेल तर बोटही दुसरं घर म्हणून चालते, आणि तिच्या कर्जावरचं व्याज गृहकर्जाच्या व्याजासारखं वजा करता येतं. पत्रातली केबिन क्रूझर या अटीत बसते. स्पीडबोटीच्या नाकाखाली एखादी गादी असते, पण शेगडी आणि सिंक नसतं, त्यामुळे ती बाद. कर्ज मात्र त्याच बोटीच्या तारणावर काढलेलं हवं. पर्सनल लोन काढून बोट घेतली आणि व्याज दाखवलं, असं चालत नाही. राहतं घर आणि दुसरं घर मिळून साडेसात लाख डॉलरपर्यंतच्या कर्जावरचंच व्याज धरलं जातं, हेही लक्षात ठेवायचं.

आता 'फुकटात'चं बघू. वजावट उत्पन्नातून होते, करातून नाही. ७०,००० डॉलरचं कर्ज ८ टक्क्यांनी धरलं तर पहिल्या वर्षी साधारण ५,५०० डॉलर व्याज जाईल. नवरा-बायको २४ टक्क्यांच्या टप्प्यात असतील तर कर वाचेल १,३०० डॉलरच्या आसपास. बाकीचे ४,२०० खिशातूनच जाणार. आणि तेवढी बचतही खर्च एकेक करून दाखवले, म्हणजे आयटमाइज केलं, तरच. २०२५ साठी जोडप्याची सरसकट वजावट ३१,५०० डॉलर आहे. राहत्या घराचं व्याज, प्रॉपर्टी टॅक्स आणि राज्याचा आयकर मिळून बेरीज त्यापुढे जात नसेल, तर बोटीच्या व्याजातला बराचसा भाग ती दरी भरण्यातच संपतो. न्यू जर्सीतला प्रॉपर्टी टॅक्स पाहता पत्रलेखकांची बेरीज पुढे जाण्याची शक्यता चांगली आहे, पण ते गेल्या वर्षीच्या रिटर्नवरून पाहावं, मित्राच्या अंदाजावरून नको. ज्यांना पर्यायी किमान कर, म्हणजे एएमटी लागतो, त्यांना त्या हिशेबात बोटीचं व्याज धरताच येत नाही.

खरी मेख पुण्याच्या फ्लॅटमध्ये आहे. एका वर्षात दुसरं घर एकच धरता येतं, आणि ते परदेशातलं असलं तरी चालतं. आजवर रिटर्नमध्ये पुण्याच्या गृहकर्जाचं व्याज दुसऱ्या घराचं म्हणून दाखवलं जात असेल, तर आता फ्लॅट किंवा बोट, यातलं एकच निवडावं लागेल. ज्याचं व्याज जास्त ते ठेवायचं, इतकं सोपं गणित. फ्लॅट वर्षभर भाड्याने दिलेला असेल तर गोष्ट वेगळी. त्याचं व्याज भाड्याच्या उत्पन्नासमोर दाखवलं जातं आणि दुसऱ्या घराची जागा बोटीसाठी मोकळी राहते.

विक्रीकराने या वादात काही फरक पडत नाही. न्यू जर्सीत १ फेब्रुवारी २०१६ पासून बोटींवर निम्म्या दराने, म्हणजे आता ३.३१२५ टक्के कर लागतो आणि तो २०,००० डॉलरच्या वर जात नाही. ९०,००० च्या बोटीवर २,९८१ डॉलर आणि २५ सेंट, मग ती कुठलीही असो.

फरक पडतो तो बोटीच्या रुंदीने. याकडे घेणाऱ्यांचं सहसा लक्षच जात नाही, कारण जाहिरातीत लांबी मोठ्या अक्षरात छापतात.

वेगवान बोटींचा तळ खोल 'व्ही' आकाराचा असतो. अमेरिकी आरेखक रे हंट यांच्या या कल्पनेवर बांधलेल्या बोटव्यावसायिक बर्ट्रम यांच्या 'मॉपी' या बोटीने १९६० ची मायामी-नासाव शर्यत खवळलेल्या समुद्रात जिंकली, आणि मग साऱ्या स्पीडबोटी त्याच वळणावर गेल्या. असा तळ लाटा कापतो, पण वेगासाठी बोट अरुंद ठेवावी लागते. २७ फुटी स्पीडबोट रुंदीला आठ फुटांच्या आसपास भरते. केबिन क्रूझर दहा फुटांच्या घरात जाते. ओटा, टॉयलेट आणि आई-बाबांना पाय पसरून बसता येईल असा सोफा त्या दोन फुटांतूनच निघतो. आता रस्त्यावर परवान्याशिवाय ओढता येणाऱ्या ट्रेलरवरच्या बोटीची रुंदी साडेआठ फुटांपर्यंतच चालते. म्हणजे क्रूझर दर शनिवारी घरून ओढत नेणं विसरायचं. तिला पर्थ अँबॉय किंवा कीपोर्टसारख्या ठिकाणी मरीनात जागा घ्यावी लागेल. ऑक्टोबरात क्रेनने बाहेर काढणं, इंजिनात अँटिफ्रीझ भरणं, प्लास्टिकमध्ये गुंडाळणं, हिवाळ्याचं भाडं आणि वसंतात पुन्हा पाण्यात उतरवणं हे सगळं आलंच. या सगळ्याची वर्षाची बेरीज वाचलेल्या १,३०० डॉलरना सहज गिळते.

म्हणून स्पीडबोट स्वस्त, असंही नाही. टाउनहाउसच्या असोसिएशनचे नियम आधी वाचावेत. ड्राइव्हवेमध्ये बोट किंवा ट्रेलर ठेवायला बऱ्याच असोसिएशन मनाई करतात. सिएनाची ओढण्याची क्षमता ३,५०० पौंड आहे, आणि दोन इंजिनांची २७ फुटी बोट ट्रेलरसकट त्याच्या दुपटीच्या पुढे जाते. म्हणजे पिकअप ट्रकचा खर्च या हिशेबात अजून धरलेलाच नाही.

इंधनाचा ढोबळ ठोकताळा असा : पूर्ण वेगात पेट्रोल इंजिन ताशी अश्वशक्तीच्या दहाव्या भागाइतके गॅलन खातं. साडेतीनशेची दोन इंजिनं म्हणजे तासाला ७० गॅलन. क्रूझरचं तीनशेचं एकच इंजिन असेल तर ३०. मुलाला ही आकडेमोड स्वतः करायला द्यावी. रॅरिटन बेमध्ये वाऱ्याच्या दिवशी आखूड, उभ्या लाटा उठतात आणि मालवाहू जहाजांच्या लाटा त्यात भर घालतात. आजीला मागच्या बाकावर बसवून तिथे पूर्ण वेग काढणं फारसं होणारही नाही.

विम्याचं प्रकरण लोक कागदांवर सही करायच्या दिवशी उघडतात, ते आधी उघडावं. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत बोटीच्या नुकसानीला साधारण १,५०० डॉलरपर्यंतच संरक्षण असतं, आणि एवढ्या मोठ्या इंजिनांच्या बोटीची तिसऱ्या पक्षाची जबाबदारी तर त्यातून वगळलेलीच असते. वेगळी पॉलिसी लागते. कर्ज देणारा आणि मरीना दोघंही ती मागतात. ठरावीक वेगापुढच्या बोटींना काही कंपन्या नकार देतात, तर काही आधी चालकाचा अनुभव विचारतात. पत्रलेखकांचा अनुभव शून्य दिसतो. किंमत ठरवण्याआधी दोन्ही बोटींची कोटेशनं मागवावीत, पॉलिसी ठरलेल्या किमतीची आहे की घसारा वजा करून देणारी ते विचारावं, आणि घराची अंब्रेला (जादा जबाबदारीची) पॉलिसी असेल तर बोट तिच्यात नोंदवून घ्यावी. स्पीडबोटीच्या वादाचा निकाल बहुधा या कोटेशनांवरच लागेल.

चौदा वर्षांच्या मुलाला यातली कुठलीच बोट चालवता येणार नाही. त्यासाठी सोळा पूर्ण लागतात. न्यू जर्सीत मोटरबोट चालवणाऱ्याला बोट सेफ्टी सर्टिफिकेट लागतं, आणि हॉपॅटकाँगसारख्या गोड्या पाण्याच्या तळ्यावर जायचं तर मोटर वाहन विभागाचं बोट लायसन्सही. १ एप्रिल २०२१ पासून चालकाने इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवणं केंद्रीय नियमाने सक्तीचं आहे, पण ते २६ फुटांखालच्या बोटींना. पत्रातल्या दोन्ही बोटी त्यातून सुटतात, तरी दोरी अडकवावीच. केबिन क्रूझर म्हणजे आपोआप सुरक्षित, असाही समज नको : बोट सावकाश चाललेली असताना इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड मागून केबिनमध्ये शिरू शकतो. त्याला ना रंग ना वास. झोपायच्या जागेजवळ चालू अलार्म आहे का, हे पाहणी करतानाच बटण दाबून बघावं.

या दोन्हींतलीच एक घ्यायची तर केबिन क्रूझर. पण ती घ्यावी मुलं आणि आजी-आजोबा तिच्यावर दिवस काढतील म्हणून, व्याजासाठी नव्हे. तिसरा पर्यायही आहे : २३-२४ फुटी, साडेआठ फूट रुंद, एका इंजिनाची बोट. पाच-सहा जण आरामात बसतात, मुलाला वेगही पुरतो, आणि मरीनाच्या रॅकवर फोर्कलिफ्टने चढवून ठेवता येते. व्याजाची सूट बहुधा जाईल, पण वर्षाचा खर्च इतका उतरेल की तिची आठवण येणार नाही.

कुठलीही ठरली तरी इसारा देताना 'मरीन सर्व्हेयरची तपासणी आणि पाण्यातली चाचणी समाधानकारक झाली तरच सौदा, नाहीतर इसारा परत' हे कलम लेखी हवं. खाऱ्या पाण्यात वापरलेल्या इंजिनाचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आतून गंजतात आणि ते वरून दिसत नाही. सर्व्हेयरला ते खास सांगून पाहायला लावावं. बोटीवर आधीचं कर्ज बाकी आहे का, हे टायटलवरून तपासावं.

शेवटी मित्रांच्या पेट्रोलचं. त्या दिवसाचा प्रत्यक्ष खर्च मित्रांनी आपखुशीने वाटून घेतला, पेट्रोल भरलं, डबे आणले, तर कायद्याची हरकत नाही. पण 'माणशी ४० डॉलर, दिले तरच बोटीवर' असं ठरलं की ते भाडं होतं आणि मित्र भाड्याचे प्रवासी. मग चालकाला कोस्ट गार्डचं कॅप्टनचं लायसन्स लागतं, सहापेक्षा जास्त प्रवासी असतील तर बोटही तपासणी होऊन प्रमाणित असावी लागते, आणि खासगी वापराची विमा पॉलिसी अशा फेरीत झालेल्या अपघाताचे पैसे नाकारू शकते. मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सहलीचा 'दर' लिहिण्याआधी एवढं वाचावं.