डॉक्टरीणबाई महापौर झाल्या

चीनच्या पूर्वेला समुद्रात तैवान नावाचे बेट आहे. तिथे चियायी नावाचे शहर आहे. ही गोष्ट त्या शहराच्या एका महापौर बाईंची.

बाईंचे नाव शू शिह-श्येन. तिकडे आडनाव आधी लावतात. म्हणून आपण त्यांना शूबाई म्हणू.

शूबाईंचा जन्म १९०८ सालचा. तेव्हा तैवानवर जपानचे राज्य होते. शूबाई जपानला गेल्या. शिकून डॉक्टर झाल्या. १९३९ साली त्यांना वैद्यकातली सर्वांत मोठी पदवी मिळाली. ती मिळवणाऱ्या त्या तैवानच्या पहिल्या बाई. मग नवराबायकोने मिळून चियायीत दवाखाना थाटला.

१९४५ साली जपानी गेले. चीनचे सरकार आले. १९४९ साली लष्करी कायदा लागू झाला. एकाच पक्षाचा अंमल. त्याचे नाव क्वोमिंतांग. विरोधात बोलावे तर तुरुंगाची भीती!

शूबाई आधी त्याच पक्षात होत्या. पण त्यांना खरे बोलायची खोड. पक्षाशी त्यांचे जमेना. शेवटी नाते तुटले.

१९६० साली काही जणांनी नवा पक्ष काढायचे ठरवले. शूबाईही त्यांत होत्या. सरकारने त्यांचे एक पुढारी लेइ चेन यांना पकडले. दहा वर्षे तुरुंगात टाकले. पक्ष जन्माआधीच संपला.

आता काय करायचे? एक वाट उघडी होती. शहराच्या निवडणुका होत असत. त्यांत पक्षावाचून एकट्याने उभे राहता येई. १९६८ साली शूबाई उभ्या राहिल्या. पाठीशी पक्ष नव्हता. पण चियायीचे लोक त्यांना ओळखत होते. लोकांनी मते दिली. शूबाई निवडून आल्या. तैवानातल्या त्या पहिल्या महिला महापौर!

तिकडे माझू नावाची देवी आहे. ती समुद्रात माणसांना तारते, असे लोक मानतात. शूबाईंना लोक प्रेमाने 'चियायीची माझू' म्हणू लागले.

१९८२ साली लोकांनी त्यांना पुन्हा महापौर केले. तेव्हा त्या सत्तरीच्या पुढे होत्या. १९८३ साली, काम करता करताच त्या वारल्या. मग लोकांनी त्यांच्या मुलीला निवडले. तीही डॉक्टरच.

१९८७ साली लष्करी कायदा उठला. तो दिवस शूबाईंना दिसला नाही. पण पक्षाच्या बळावाचूनही माणूस निवडून येतो, हे त्यांनी आधीच दाखवले होते. लोकांचा विश्वास मात्र हवा. तो एका दिवसात मिळत नाही.

सांगा पाहू :
१. शूबाईंच्या पाठीशी पक्ष नव्हता. मग लोकांनी त्यांना मते का दिली?
२. तुम्ही मत देताना माणसाचे काय पाहता?