आजचा श्लोक – गीता १२.१५ : चेंडूमागे धावणारा मुलगा



बाराव्या अध्यायात भगवंत आपल्याला प्रिय असलेल्या भक्ताची लक्षणं सांगतात. आजच्या श्लोकात त्यातलं एक आहे: ज्याच्यामुळे लोकांना उद्वेग होत नाही, आणि लोकांमुळे जो उद्विग्न होत नाही. दुसरा भाग आपल्याला बरोबर आठवतो. ऑफिसात कोणी काही बोललं की 'आपण शांत राहायचं'. पहिला भाग मी कित्येकदा वाचलाय, पण स्वतःला लावून कधीच बघितला नव्हता.

तो लक्षात आला एका कादंबरीमुळे. मिच अल्बॉम यांची 'द फाइव्ह पीपल यू मीट इन हेवन', २००३ मध्ये आलेली. (पुढे गोष्ट थोडी उघड होणार आहे, माफ करा.) एडी हा समुद्रकाठच्या एका करमणूक पार्कात पाळण्यांची दुरुस्ती करणारा म्हातारा. ८३व्या वाढदिवशी एका लहान मुलीला वाचवायला जातो आणि मरतो. आपलं आयुष्य फुकट गेलं असंच त्याला वाटत आलंय. स्वर्गात त्याला एकामागून एक पाच माणसं भेटतात.

पहिला भेटतो निळ्या कातडीचा एक माणूस. एडी त्याला धड ओळखतही नाही. लहानपणी एडी चेंडूमागे रस्त्यावर धावला होता, तेव्हा समोरून येणारी गाडी हा माणूस चालवत होता. त्याने कशीबशी गाडी वळवली. एडी चेंडू घेऊन पळाला, खेळात रमला. त्या धक्क्याने गाडीवाल्याचं हृदय मात्र थोड्या वेळात बंद पडलं. एडीला हे आयुष्यभर माहीत नव्हतं.

आता, हा स्वर्ग काही गीतेतला नाही. नवव्या अध्यायात तर पुण्य संपलं की स्वर्गातून परत यावं लागतं असं सांगितलंय. पण त्यासाठी कादंबरी बाजूला ठेवायची गरज नाही. निळा माणूस हिशोब मागायला आलेलाच नाही. तो फक्त दाखवतो, की तुझी आणि माझी गोष्ट एकच होती.

मला तिथे थांबावं लागलं. एडी लहान होता, त्याला काही कळत नव्हतं. माझं तसं नाही. दोन वर्षांपूर्वी टीममधल्या एका नवीन मुलीला मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "एवढं पण जमत नाही का?" चारजण हसले. मीटिंग संपली, मी चहा प्यायला गेलो. महिन्याभरात तिने नोकरी सोडली. कारण माझं वाक्यच होतं असं मी म्हणू शकत नाही. नव्हतं असंही म्हणवत नाही. आणि त्या दिवशी सकाळी माझी जपाची माळ अगदी वेळेवर पूर्ण झाली होती, हे मला अजून आठवतं.

एडीला कळायला मरावं लागलं. मला तिचा नंबर माहीत होता. परवा रात्री चार वेळा खोडून शेवटी तीन ओळी पाठवल्या. 'पण', 'तेव्हा कामाचा ताण होता' वगैरे सगळं काढून टाकलं. तिने मेसेज वाचलाय. उत्तर आलेलं नाही, आणि ते यायलाच हवं असंही नाही.

उद्या १२.१६ वाचूया.

राम कृष्ण हरी.