ओटाव्याच्या थंडीसाठी गाडीची बॅटरी निवडताना

दर हिवाळ्यात पहिली कडाक्याची पहाट उजाडली की आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच निरोप फिरतो : "कोणी जवळपास आहे का? बूस्ट हवाय." (म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीच्या मदतीनं आपली गाडी सुरू करून घेणं.) बारहेवन, कनाटा, ऑर्लीन्स, सगळीकडून. ओटाव्यात जानेवारीतलं सरासरी किमान तापमान उणे 14 अंशांच्या आसपास असतं आणि मधूनच एखादी लाट पारा उणे 25 ते 30 पर्यंत खाली नेते. 29 डिसेंबर 1933 रोजी तर इथं उणे 38.9 अंशांची नोंद झाली होती. अशा शहरात गाडीची बॅटरी घाईघाईनं, दुकानात जी हाताला लागेल ती उचलण्याची वस्तू नाही. गेली बरीच वर्षं आमच्या घरच्या आणि ओळखीपाळखीच्या गाड्यांच्या बॅटऱ्या बदलताना जे शिकत गेले, ते नव्यानं इथं येणाऱ्यांसाठी लिहून ठेवते आहे.

1. आधी मापाचा नंबर, किंमत नंतर.

भारतात आपण दुकानात जाऊन "स्विफ्टची बॅटरी द्या" म्हणतो आणि दुकानदार 35 एएचची काढून देतो. फार तर लेबलवरचा 38बी20एल किंवा डीआयएन44 असा नंबर वाचतो. त्यातही माप दडलेलंच असतं : 38बी20एलमधला 20 हा आकडा साधारण सेंटिमीटरमधली लांबी सांगतो आणि शेवटचा एल टर्मिनल कुठल्या बाजूला आहेत ते. उत्तर अमेरिकेत हेच काम बीसीआयचे, म्हणजे बॅटरी कौन्सिल इंटरनॅशनलचे, ग्रुप नंबर करतात : 35, 24एफ, 51आर, एच6 वगैरे. या नंबरात लांबी, रुंदी, उंची आणि टर्मिनलची जागा ठरलेली असते. ताकद मात्र त्यात नसते. 35 पेक्षा 51 मोठा आकडा म्हणून 51ची बॅटरी जास्त दमदार, असं काही नाही. उलट 51 बरीच अरुंद असते.

गाडी सेकंडहँड असेल तर आत बसलेल्या बॅटरीच्या लेबलवर विसंबू नका. आधीच्या मालकानं काय बसवलं असेल ते त्यालाच ठाऊक. मॅन्युअल उघडा, दुकानातल्या यादीशी ताडून पाहा आणि बॅटरीच्या ट्रेवर मोजपट्टी लावा.

2. मोठी म्हणजे चांगली, हा समज इथं महागात पडतो.

इथं शिकायला आलेल्या एका मुलानं जुनी जपानी सेडान घेतली होती. तिला 35 मापाची बॅटरी लागते. दुकानात त्याला 24एफ दिली गेली. "ताई, मोठीच घेतली, थंडीत कामाला येईल," असं मला कौतुकानं सांगत होता. बॉनेट उघडलं. 35ची लांबी 230 मिलिमीटर, 24एफची 273. म्हणजे सव्वाचार सेंटिमीटर बॅटरी ट्रेच्या काठावरून बाहेर आली होती. खालचा प्लॅस्टिकचा काठ तिच्या वजनानं वाकला होता. वरची पट्टी बसतच नव्हती, म्हणून ती काढून डिकीत टाकलेली, आणि बॅटरी एका नायलॉनच्या बंदानं आवळलेली. हातानं हलवली तर डुलली.

सतरा-अठरा किलोचा तो ठोकळा मोकळा राहिला की काय होतं, ते ओटाव्याचे रस्ते मार्च-एप्रिलमध्ये दाखवतात. बर्फ वितळतं, पुन्हा गोठतं, डांबर उखडतं आणि खड्ड्यांत चाकं आदळत राहतात. प्रत्येक धक्क्याबरोबर बॅटरीतल्या शिशाच्या प्लेटांवरचा लेप थोडा थोडा गळतो, खाली गाळ साचतो आणि चांगली बॅटरी वेळेआधी मरते. टर्मिनलच्या वायरींवर ताण येतो तो वेगळाच. म्हणून माझ्या हिशेबी बॅटरीइतकंच मोल तिला धरून ठेवणाऱ्या पट्टीचं आहे. त्या मुलानं बॅटरी परत केली, 35चीच चांगल्या प्रतीची घेतली आणि ती पट्टी पुन्हा जागेवर आली.

काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्येच दोन मापं दिलेली असतात. ट्रेही त्या हिशेबानं लांब असतो. तिथं मोठं माप बिनधास्त घ्यावं. युरोपीय धाटणीच्या एच मालिकेत हे बरंच सोपं आहे : एच5, एच6, एच7 या तिघींची रुंदी 175 आणि उंची 190 मिलिमीटर, फरक फक्त लांबीचा. ही बॅटरी वरच्या पट्टीनं नव्हे तर बुडाशी असलेल्या कडेला क्लँप लावून धरतात. त्या क्लँपचं भोक नव्या लांबीला जुळतं का, तेवढं बघायचं.

3. टर्मिनलची बाजू.

51 आणि 51आर या दोन बॅटऱ्या शेजारी ठेवल्या तर जुळ्या बहिणी वाटतात. लांबी, रुंदी, उंची सगळं सारखं. फक्त धन आणि ऋण टर्मिनलांची अदलाबदल. कित्येक वर्षांच्या होंडा सिव्हिकना 51आर लागते. तिथं 51 बसवली तर वायरी एकतर पोचत नाहीत, किंवा ताणून पोचवल्या जातात, आणि त्याच भरात उलट्या लागण्याचा धोका असतो. उलट्या लागल्या की क्षणात फ्यूज जातात, अल्टरनेटरचे डायोड जातात, नशीब वाईट असेल तर संगणकही. 24 आणि 24एफ यांच्यातही टर्मिनलांची अशीच अदलाबदल असते. विकत घेण्याआधी आपल्या गाडीसमोर उभं राहून धन टर्मिनल कुठं आहे त्याचा फोटो काढून घ्यावा आणि दुकानात बॅटरी त्याच दिशेनं धरून पाहावी. धन टर्मिनल ऋणापेक्षा किंचित जाड असतं, हेही ध्यानात असू द्या. जोर लावून क्लँप बसवायची वेळ आली तर थांबा आणि पुन्हा खुणा वाचा.

4. उंची.

बॉनेट धातूचं असतं आणि बॅटरी उंच झाली तर धन टर्मिनल त्याला टेकू शकतं. नवी बॅटरी बसवल्यावर बॉनेट सावकाश खाली आणा, टर्मिनलवर ओल्या मातीचा किंवा मऊ मेणाचा गोळा ठेवून किती चेपला ते पाहा. धन टर्मिनलवरची लाल टोपी कधीही फेकू नका.

5. थंडीची खरी ताकद सीसीए सांगते.

माप जुळलं की मग ताकदीकडे वळायचं. सीसीए म्हणजे कोल्ड क्रँकिंग अँपिअर : उणे 18 अंशांवर बॅटरी 30 सेकंद किती करंट देते आणि तरीही तिचं व्होल्टेज 7.2 च्या खाली जात नाही, तो आकडा. पुण्या-नाशकात याकडे कोणी फारसं बघत नाही, तिथं एएच पुरतो. इथं हाच आकडा आधी वाचावा लागतो. कारण उणे 18 मध्ये पूर्ण चार्ज असलेली बॅटरीही आपली निम्मी किंवा त्याहून जास्त ताकद गमावते आणि त्याच वेळी इंजिनातलं ऑईल घट्ट होऊन स्टार्टरला जास्त जोर लागतो. दोन्ही बाजूंनी कोंडी.

लेबलवर सीए असाही एक आकडा असतो, बराच मोठा आणि ठळक अक्षरांत. तो शून्य अंशांवरचा असतो. एका बॅटरीचा सीए आणि दुसरीचा सीसीए यांची तुलना करू नका. मॅन्युअलमध्ये दिलेल्या सीसीएपेक्षा कमी कधीच नको, त्याच मापात शंभरेक जास्त मिळत असेल तर ओटाव्यासाठी जरूर घ्यावी. त्याहून वर आकड्यांच्या मागे लागण्यापेक्षा आरसी, म्हणजे रिझर्व्ह कपॅसिटी, किती मिनिटं आहे ते बघावं. अल्टरनेटर बंद पडला तर 25 अँपिअरच्या भारावर बॅटरी किती वेळ तग धरेल, ते ती सांगते. रात्री हायवे 417 वर हेडलाइट, वायपर आणि हीटर चालू असताना ती मिनिटं फार मोलाची.

6. स्टार्ट-स्टॉपवाल्या गाडीला एजीएम किंवा ईएफबीच.

सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या गाडीत कंपनीनं एजीएम (ॲब्सॉर्बंट ग्लास मॅट) किंवा ईएफबी (एनहान्स्ड फ्लडेड बॅटरी) दिलेली असते. तिथं साधी बसवली तर ती थोड्याच काळात थकते. एजीएम महाग असते, पण हा पैसा वाचवू नये. बऱ्याच जर्मन गाड्यांमध्ये नवी बॅटरी बसवल्यावर तिची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशेबानं चालू राहतं. बॅटरी सीटखाली किंवा डिकीत असेल तर वायू बाहेर नेणारी नळी पुन्हा जोडल्याची खात्री करा.

7. बदलण्याआधी बॅटरी खरंच मेली आहे का, ते पाहा.

मल्टिमीटर महाग नसतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.4 म्हणजे साधारण तीन-चतुर्थांश, 12 च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना साधारण 14 दिसायला हवं. ते दिसत नसेल तर दोष अल्टरनेटरचा आणि नवी बॅटरीही आठवड्यात बसेल. आमच्यातले बरेचजण घर ते ओ-ट्रेनचं स्टेशन एवढंच गाडीनं जातात. दहा मिनिटांच्या त्या फेरीत सीट हीटर, मागच्या काचेचा हीटर आणि ब्लोअर सगळं चालू. स्टार्टरनं घेतलेलं परत भरायला वेळच मिळत नाही. अशा बॅटरीला आधी रात्रभर चार्जर लावून पाहावा. आणि रिकामी बॅटरी थंडीत उघड्यावर ठेवू नये : भरलेली उणे 50 पर्यंतही गोठत नाही, रिकामी मात्र उणे दहाच्याही आधी गोठू शकते आणि तिची कूस फुटते. फुगलेल्या किंवा गोठलेल्या बॅटरीला बूस्ट द्यायचा प्रयत्न कोणीही करू नये. स्फोट होऊ शकतो.

8. ब्लॉक हीटर बॅटरीला गरम करत नाही.

तो इंजिनाचा कूलंट गरम ठेवतो, म्हणून स्टार्टरचं काम हलकं होतं. बॅटरीसाठी वेगळं ब्लँकेट मिळतं. उघड्या ड्राइव्हवेत गाडी उभी करणाऱ्यांनी दोन्हींचा विचार करावा. टायमर लावून पहाटे तीन-चार तास चालवलं तरी पुरतं.

9. खरेदी ऑक्टोबरमध्ये.

बॅटरी खरी झिजते ती उन्हाळ्यात, उष्णतेनं. थंडीत फक्त ते उघडं पडतं. म्हणून पानगळीच्या दिवसांत दुकानात लोड टेस्ट करून घ्यावी. बऱ्याच ठिकाणी ती फुकट होते. पाच वर्षं उलटलेली असतील तर पहिल्या बर्फाची वाट पाहू नये. नवी घेताना तारखेचा स्टिकर बघा, सहा महिन्यांहून जुनी असेल तर दुसरी मागा. बदलण्याचं कामही हिवाळ्यावर ढकलू नका : उणे 25 मध्ये पार्किंगमध्ये वाकून दहाचा पाना फिरवताना बोटं बधिर होतात आणि प्लॅस्टिकच्या क्लिपा काडीसारख्या मोडतात. काढताना ऋण टर्मिनल आधी, जोडताना धन आधी.

जुनी बॅटरी सोबत न्या. बिलात लावलेला कोअर चार्ज ती दिल्यावर परत मिळतो आणि तिच्यातलं शिसं पुन्हा वापरात येतं. गाडीत नेताना ती उभीच ठेवा, खाली जाड पुठ्ठा घाला, कारण तिच्यातलं ॲसिड सांडलं तर कारपेट आणि कपडे दोन्ही जातात.