घटक ४ : भूमी, स्मृती आणि स्वशासन – जुन्नर-आंबेगावचा महादेव कोळी समाज

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• ‘सार्वभौमत्व’ आणि ‘स्वशासन’ या संज्ञांतील फरक उदाहरणांसह सांगता येईल.
• जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील महादेव कोळी समाजाचा इतिहास आणि भूमीशी असलेले त्याचे नाते थोडक्यात मांडता येईल.
• एकाच घटनेला दिलेल्या वेगवेगळ्या नावांमागील दृष्टिकोन ओळखता येईल.
• मौखिक निवेदनाचे लेखन करताना कोणती भाषिक दक्षता घ्यावी, हे स्पष्ट करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, भाषा ही केवळ विचारविनिमयाचे साधन नसते. समाजाची आपल्या भूमीविषयीची जाण आणि त्या भूमीवरील त्याचा हक्क भाषेतच साठवलेला असतो. हे विधान अमूर्त वाटेल. परंतु आपल्यापैकी जे जुन्नर, आंबेगाव, खेड किंवा अकोले तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यातून हा अभ्यासक्रम करीत आहेत, त्यांना ते अनुभवाने पटेल. ज्या गावात वनहक्क समितीची बैठक होते, तेथे एखाद्या वृद्धाने उच्चारलेले खाचराचे नाव हा त्या कुटुंबाच्या हक्काचा पुरावा ठरू शकतो. ते नाव लिहून घेणारी व्यक्ती पुष्कळदा गावातील शिकलेला तरुण किंवा तरुणी असते. कदाचित आपणच असाल.

म्हणून या घटकात आपण एका समाजाचा इतिहास पाहणार आहोतच. त्याबरोबर तो कोणत्या शब्दांत सांगितला गेला आणि यापुढे कोणत्या शब्दांत लिहिला जावा, याचाही विचार करणार आहोत. तुलनेसाठी प्रशांत महासागरातील हवाई बेटांचे उदाहरण घेऊ.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ सार्वभौमत्व आणि स्वशासन

‘सार्वभौमत्व’ म्हणजे एखाद्या भूप्रदेशावरील सर्वोच्च व स्वतंत्र राजकीय सत्ता. ‘स्वशासन’ म्हणजे मोठ्या राज्याच्या चौकटीत राहून आपला स्थानिक कारभार आपल्या परंपरेनुसार चालवण्याचा अधिकार. या दोन संज्ञांची गल्लत करू नये.

हवाईमध्ये राजा कामेहामेहा पहिला याने १८१० पर्यंत सर्व बेटे एका राज्याखाली आणली. १८४० मध्ये या राज्याला लिखित राज्यघटना मिळाली आणि पुढे अनेक देशांनी त्याच्याशी करार केले. १७ जानेवारी १८९३ रोजी प्रामुख्याने अमेरिकी व युरोपीय वंशाच्या व्यापारी-बागायतदार गटाने, अमेरिकी नौसैनिक किनाऱ्यावर उतरलेले असताना, राणी लिलिउओकलानी यांची सत्ता उलथवली. १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे आपल्यात सामील करून घेतली आणि १९५९ मध्ये त्यांना घटक राज्याचा दर्जा दिला. तेथील मूळ रहिवाशांतील अनेकांची आजची मागणी गमावलेल्या सार्वभौमत्वाशी निगडित आहे.

महादेव कोळी समाजाची स्थिती वेगळी आहे. या समाजातील मुकणे घराण्याने जव्हार येथे राज्य केले. १९४८ मध्ये ते संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. जुन्नर-आंबेगावच्या मावळपट्ट्यात मात्र असे एकछत्री राज्य नव्हते. तेथे नायकांच्या अधिकाराखालील खोरी होती; घाटवाटांची व किल्ल्यांची राखण आणि जंगलाचा उपभोग हे त्या अधिकाराचे घटक होते. आज या समाजाचा प्रश्न भारतीय राज्यघटनेच्या चौकटीतील स्वशासनाचा आहे. दोन्ही ठिकाणी मुळाशी एकच प्रश्न असला, की ही भूमी कोणाची आणि तिचा निर्णय कोणी करावा, तरी उत्तराची वाट निराळी आहे.

४.३.२ भूमी आणि तिची नावे

जुन्नर परिसराचा लिखित इतिहास प्राचीन आहे. नाणेघाटातील सातवाहनकालीन ब्राह्मी शिलालेख आणि जुन्नरभोवतीची लेणी या व्यापारी मार्गाचे महत्त्व सांगतात. परंतु शिलालेख राजे आणि दाते यांची नोंद करतो. डोंगरउतारावर भात पिकवणाऱ्याची नोंद भूमीच्या नावांत शोधावी लागते.

येथील नद्यांच्या खोऱ्यांना ‘नेर’ म्हणतात : कुकडीचे कुकडनेर, मीनेचे मीननेर, भीमेचे भीमनेर. खोऱ्याच्या वरच्या अंगाला मावळ लागतो. तेथील शेतीचे शब्द पाहा. भाताची रोपे तयार करण्यासाठी पालापाचोळा, शेण व गवत पसरून जमीन भाजतात, तो ‘राब’. उपटून लावण्याजोगी रोपे म्हणजे ‘आवण’, आणि ती लावण्याचे काम ‘आवणी’. बांध घालून, सपाट करून पाणी थोपवलेला तुकडा म्हणजे ‘खाचर’.

या शब्दसंग्रहातील सर्वांत बोलका शब्द ‘पडकई’ हा आहे. काही कुटुंबांनी एकत्र येऊन, आळीपाळीने एकमेकांच्या उतारावर खाचरे पाडण्याच्या सामूहिक श्रमपद्धतीला पडकई म्हणतात. देशावरील वाचकांना ‘इर्जिक’ आणि ‘सावड’ हे शब्द परिचित आहेत. त्यांतही परस्पर श्रमाची कल्पना आहे. पण पडकईचे वैशिष्ट्य असे, की तिच्यातून नवी जमीन घडते. दगड फोडून, ताल रचून, माती अडवून माणसांनी उतारावर शेत निर्माण केले, हा इतिहास या एका शब्दात साठलेला आहे.

हवाईमध्ये डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतच्या पारंपरिक भूविभागाला ‘आहुपुआआ’ म्हणतात. भात नव्हे तर अळूवर्गीय कंद, आणि खोरे नव्हे तर डोंगर ते किनारा असा पट्टा. पण पाणी, रान व शेत यांचा एकत्र विचार करण्याची रीत तीच. येथे एक सावधगिरीची सूचना. आंबेगाव तालुक्यात ‘आहुपे’ नावाचे गाव आहे. ध्वनिसाम्यावरून या दोन शब्दांचा संबंध जोडण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतो. तो टाळावा. ‘आहुपुआआ’ हा हवाईयन भाषेतील दगडांची रास व डुक्कर या अर्थांच्या दोन शब्दांचा समास आहे आणि ती भाषा ऑस्ट्रोनेशियन कुळातील आहे. नियमित ध्वनिसंवाद दाखवता आल्याखेरीज केवळ साम्य हा नात्याचा पुरावा होत नाही.

४.३.३ ‘बंड’ की ‘उठाव’?

शिवनेरीवरील ‘कोळी चौथरा’ अनेकांनी पाहिला असेल. सतराव्या शतकात मोगल सत्तेविरुद्ध उठलेल्या कोळ्यांची तेथे कत्तल झाली, अशी परंपरागत कथा आहे. ब्रिटिश काळात संघर्ष अधिक तीव्र झाला. किल्ल्यांच्या राखणीची वतने व भत्ते कमी झाले, सारा रोखीने द्यावा लागू लागला आणि सावकाराच्या वहीत जमिनी अडकल्या. १८२८ नंतर रामजी भांगरे यांचा आणि १८४४ पासून राघोजी भांगरे यांचा उठाव झाला. अकोले तालुक्यातील देवगावच्या राघोजींना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. पुढे १८७३ ते १८७६ या काळात आंबेगाव तालुक्यातील जांभोरीचे होनाजी केंगले यांनी सावकारांविरुद्ध पुन्हा उठाव केला.

या घटनांची आरंभीची इंग्रजी माहिती कोणी लिहिली? महादेव कोळ्यांविषयीचा पहिला सविस्तर वृत्तान्त १८३० च्या दशकात कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश यांनी लिहिला. उठाव मोडून काढण्याच्या मोहिमेत ते स्वतः अधिकारी होते. त्यांची माहिती मोलाची आहे, पण पाहणाऱ्याची जागा विसरून ती वाचता येत नाही. सरकारी कागदांत ‘टोळी’, ‘दरोडा’, ‘बंड’ हे शब्द येतात. आजच्या लेखनात त्याच व्यक्तींना ‘आद्यक्रांतिकारक’ म्हटले जाते. घटना एकच, शब्द बदलला की कर्त्याचा हेतू आणि कृतीची वैधता बदलते.

हवाईतही असेच घडले. १८९३ च्या घटनेला सत्ता घेणाऱ्यांनी ‘क्रांती’ म्हटले. १९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने संमत केलेल्या क्षमायाचनेच्या ठरावात मात्र ‘सत्ता उलथवणे’ असा स्पष्ट शब्दप्रयोग आहे. योग्य शब्द येण्यास शंभर वर्षे लागली.

समाजाने स्वतःविषयी स्वतः लिहिणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. गो. स. घुर्ये यांनी १९५७ मध्ये महादेव कोळ्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यानंतर जुन्नर तालुक्यातील निमगिरीचे डॉ. गोविंद गारे यांनी या समाजातूनच येऊन आदिवासी जीवनाचा अभ्यास मराठीत विपुल प्रमाणात मांडला.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
अ) योग्य की अयोग्य ते सांगा : ‘पडकई’ आणि ‘इर्जिक’ हे पूर्णतः समानार्थी शब्द आहेत.
आ) ‘बंड’ आणि ‘उठाव’ यांतील अर्थच्छटांचा फरक दोन वाक्यांत लिहा.

४.३.४ रान, पाणी आणि कायदा

स्वातंत्र्योत्तर काळात या भूमीवर दोन मोठे बदल झाले. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात अनेक गावांची जमीन गेली. ज्या गावावरून तालुक्याला ‘आंबेगाव’ हे नाव मिळाले, ते जुने आंबेगावही पाण्याखाली आहे. तालुक्याचे मुख्यालय घोडेगाव येथे आहे. नाव मात्र बुडालेल्या गावाचे उरले. जलाशयाला महाळुंगे पडवळचे हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिले आहे. दुसरा बदल म्हणजे १९८५ मध्ये घोषित झालेले भीमाशंकर अभयारण्य. देवराया राखणाऱ्या, वाघबारसेला वाघदेवाची पूजा करणाऱ्या समाजाला आपल्याच रानात परवानगीची भाषा शिकावी लागली.

उपजीविकेचा मोठा आधार असलेल्या हिरड्याचेही असेच. कोवळेपणी वाळवलेल्या फळाला ‘बाळहिरडा’ म्हणतात. औषधासाठी आणि चामडे कमावण्यासाठी तो विकला जातो. हा हिरडा कोणाचा, हा प्रश्न दोन कायद्यांनी नव्याने मांडला. १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला परंपरा, सांस्कृतिक ओळख व सामूहिक साधनसंपत्ती जपण्यास सक्षम मानतो आणि गौण वनोपजाच्या मालकीची तरतूद करतो. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. २००६ चा वनहक्क कायदा वैयक्तिक व सामूहिक असे दोन्ही हक्क मान्य करतो.

४.३.५ मौखिक निवेदनाचे लेखन

आता या घटकाच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. वनहक्क कायद्याच्या नियमांनुसार, दावेदाराव्यतिरिक्त गावातील वृद्धांचे लेखी नोंदवलेले निवेदन हा एक पुरावा आहे. जमीन सपाट करणे, बांध घालणे यांसारख्या कायमस्वरूपी सुधारणा हाही पुरावा आहे. सामूहिक हक्कासाठी चराईच्या जागा, वनोपज गोळा करण्याची ठिकाणे, पाणवठे, देवराया व स्मशानभूमी यांची नोंद उपयोगी पडते. एकापेक्षा अधिक पुरावे आवश्यक असतात. म्हणजेच लेखनिकाने नीट न ऐकलेला शब्द एखाद्या कुटुंबाला महागात पडू शकतो. पुढील तीन दक्षता लक्षात ठेवा.

एक : स्थानिक शब्दाचे ‘शुद्धीकरण’ करू नका. वृद्ध व्यक्ती ‘पडकईने पाडलेलं खाचर’ म्हणत असेल आणि आपण ‘शेत’ लिहिले, तर जमीन सपाट केल्याची आणि बांध घातल्याची माहिती नाहीशी होते. बोलीतील शब्द तसाच ठेवून त्यापुढे प्रमाण मराठीत अर्थ द्यावा.

दोन : पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवा. मराठीत ‘म्हणे’ हा शब्द ऐकीव माहितीचा निर्देशक आहे. ‘इथं आजा राब भाजायचा’ आणि ‘इथं आजा राब भाजायचा म्हणे’ या वाक्यांत पुराव्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. ‘म्हणे’ गाळल्यास निवेदन खोटे ठरण्याची भीती असते. आणि स्वतः पाहिलेल्या गोष्टीस ‘म्हणे’ जोडल्यास ते दुबळे होते.

तीन : काळ घटनेवरून सांगितला जातो, तो तसाच नोंदवा. ‘दुष्काळाच्या साली’ हे उत्तर अपुरे नाही. कोणता दुष्काळ, हे विचारून १९७२ असल्याची खात्री झाल्यास ते कंसात लिहावे. मूळ शब्द खोडू नयेत.

हवाईचा अनुभव येथे उद्बोधक आहे. १८४८ मध्ये, म्हणजे राघोजींना फाशी झाली त्याच वर्षी, तेथे पारंपरिक भूमीची खाजगी मालकीत वाटणी झाली. त्या काळात भूमी आयोगापुढे दाव्यांच्या व शेजाऱ्यांच्या साक्षींच्या नोंदी हवाईयन भाषेत झाल्या. सामान्य शेतकऱ्यांच्या वाट्याला फारच थोडी जमीन आली; परंतु त्या साक्षींमधील शेतांची व पाटांची नावे आजही इतिहासकारांना उपयोगी पडतात. १८९६ च्या कायद्याने शाळांतून हवाईयन माध्यम हद्दपार झाले. १९७८ मध्ये ती पुन्हा राज्यभाषा झाली आणि १९८४ पासून तिच्या माध्यमाच्या बालशाळा सुरू झाल्या. नव्या पिढीला ती जुनी कागदपत्रे वाचता येऊ लागली. जे लिहिले गेले होते, तेच परत मिळवता आले.

४.४ सारांश

महादेव कोळी समाजाचा जुन्नर-आंबेगावच्या भूमीशी असलेला संबंध नायकांच्या अधिकारात, उठावांत आणि पडकईसारख्या श्रमपरंपरेत दिसतो. ऐतिहासिक घटनांना दिलेली नावे लेखकाची भूमिका उघड करतात. पेसा व वनहक्क कायद्यांमुळे मौखिक स्मृतीला पुराव्याचे मूल्य आले आहे. त्यामुळे बोलीचे प्रामाणिक लेखन ही भाषेच्या विद्यार्थ्याची सामाजिक जबाबदारी ठरते.

४.५ पारिभाषिक शब्द

गौण वनोपज – इमारती लाकूड वगळता वनातून मिळणारे वनस्पतिजन्य उत्पादन, उदा. हिरडा, मध, बांबू.
अनुसूचित क्षेत्र – राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीनुसार घोषित आदिवासीबहुल क्षेत्र.
ऐकीव-निर्देशक – माहिती इतरांकडून मिळाल्याचे सुचवणारा शब्द; उदा. म्हणे.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ अ) अयोग्य. दोहोंत परस्पर श्रम आहे. पडकईत उतारावर नवे खाचर तयार केले जाते.
आ) ‘बंड’ या शब्दात प्रस्थापित सत्ता वैध असून तिची आज्ञा मोडली गेली, अशी छटा आहे. ‘उठाव’ या शब्दात अन्यायाविरुद्ध एकत्रितपणे उभे राहण्याची छटा आहे.

४.७ उपक्रम

आपल्या किंवा जवळच्या गावातील सत्तरीच्या पुढील एका व्यक्तीकडून शेत, पाणवठा, देवस्थान आणि रान यांची किमान दहा स्थळनावे जाणून घ्या. प्रत्येक नावापुढे सांगणाऱ्याचे शब्द, प्रमाण मराठीतील अर्थ आणि ‘स्वतः पाहिलेले’ की ‘ऐकलेले’ हे लिहा. लिहिलेले त्यांना वाचून दाखवा. त्यांनी दुरुस्ती सुचवल्यास ती करा. एक प्रत त्यांच्या घरी ठेवायला विसरू नका.