शेडमधील स्विच-सॉकेट आणि आपला जीव

आरोग्याच्या सदरात स्विच आणि सॉकेटचे काय काम, असे वाचकांना वाटेल. पण पावसाळ्यात शॉक बसून माझ्याकडे येणारे बहुतेक जण गोठ्यातले किंवा मोटारीच्या शेडमधले असतात. ओल्या हाताने कडबाकुट्टीचे बटण दाबले, एवढे कारण पुरते. काही जण चालत येतात; काहींना उचलून आणतात, तेव्हा नाडी लागत नाही.

शॉक जीवघेणा का ठरतो? घरगुती विजेचा दाब 230 व्होल्ट असतो. कोरडी त्वचा विजेला बराच विरोध करते. अंग ओले असले की हा विरोध 1000 ओहमपर्यंत उतरू शकतो आणि शरीरातून सुमारे 230 मिलिअँपिअर प्रवाह वाहू शकतो. 10 मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडतात, हातातली वस्तू सुटत नाही. 30 च्या पुढे प्रवाह टिकून राहिला तर हृदयाची लय बिघडू शकते. एवढ्याशा प्रवाहाने फ्यूज किंवा एमसीबी उडत नाही. ते वायरिंग सांभाळतात, माणसाला नव्हे.

काँक्रीट म्हणजे दगड, त्यातून वीज कशी जाईल, असे पुष्कळ जण विचारतात. काँक्रीट ओल धरते आणि ओल्या काँक्रीटमधून वीज जमिनीत उतरते. अशा कोब्यावर अनवाणी उभे राहून बोर्डाला हात लावणे म्हणजे संकटाला आमंत्रण.

फिटिंग करून घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

1) काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. आधी मेन स्विच बंद करावा व वीज नाही याची तपासून खात्री करावी.

2) काँक्रीटच्या भिंतीत खाचा फोडू नयेत, आतली सळई उघडी पडून गंजते. भिंतीवरून पीव्हीसी पाइप न्यावा. ड्रिलने छिद्र पाडून, गिट्टी ठोकून, बोर्ड स्क्रूने पक्का बसवावा. वायर बोर्डात खालच्या बाजूने घ्यावी, म्हणजे पाणी ओघळून आत जात नाही.

3) बोर्ड सुमारे दीड मीटर उंचीवर, झाकणाचा व पाणी आत न जाणारा असावा. मुलांचा हात व जनावराचे तोंड तिथे पोचता कामा नये.

4) सॉकेट तीन पिनांचेच हवे. वरचे मोठे छिद्र अर्थिंगचे. त्याला हिरवी वायर जोडलेली असलीच पाहिजे. समोरून पाहता फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे. स्विच फेजवरच हवा. न्यूट्रलवर असेल तर बटण बंद करूनही यंत्रात वीज राहते.

5) 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. वीज अंगातून जमिनीत जाऊ लागताच तो क्षणात पुरवठा तोडतो. दर महिन्याला त्याचे टेस्ट बटण दाबून पाहावे. तो आहे म्हणून अर्थिंग टाळू नये.

एवढे करूनही कोणाला शॉक बसलाच, तर त्याला हात लावू नका. प्रथम मेन स्विच बंद करा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर ढकला. श्वास थांबला असेल तर 108 ला फोन करून छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 वेळा, सुमारे 5 सेंटिमीटर खोल दाब देत राहा. रुग्ण उठून बसला तरी दवाखान्यात आणाच. हृदयाचा आलेख काढणे आवश्यक असते.