डॉक्टरची तक्रार करायचीय? आधी चिठ्ठी वाचा

उपचार चुकला असं वाटलं की माणूस रिसेप्शनवर भांडतो, नाहीतर फेसबुकवर लिहितो. त्याने डॉक्टरच्या नोंदणीला काही होत नाही. ती ज्या कौन्सिलने दिली, तिथेच अर्ज करावा लागतो.

आधी औषधाची चिठ्ठी काढा. पदव्यांच्या रांगेखाली बारीक अक्षरात नोंदणी क्रमांक असतो. २००२च्या आचारसंहितेनुसार ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी तो चिठ्ठीवर, दाखल्यावर, पैशांच्या पावतीवर आणि दवाखान्यातही दाखवायलाच हवा. पदवी नीट वाचा. नुसतं ‘एमडी’ बघून थांबू नका. आयुर्वेदातही एमडी असते, होमिओपॅथीतही. ॲलोपॅथीसाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल आहे. आयुर्वेद-युनानी, होमिओपॅथी, दंतवैद्य, नर्स, फार्मासिस्ट यांची कौन्सिलं वेगवेगळी.

मग क्रमांक संबंधित कौन्सिलच्या यादीत ताडून बघा. ॲलोपॅथीच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, तेही झालंय का पाहा. नाव कुठल्याच कौन्सिलकडे नसेल, तर प्रकरण तोतया डॉक्टरचं. विनानोंदणी व्यवसाय हा १९६१च्या कायद्याने गुन्हा आहे. थेट पोलिसांकडे आणि पालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे जा.

आता कागद. सगळ्यात जास्त कस इथे लागतो. केसपेपर, नर्सिंग नोट्स, संमतीपत्र, तपासण्यांचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती लेखी मागा आणि अर्जावर पोच घ्या. त्याच आचारसंहितेनुसार प्रती ७२ तासांत मिळायला हव्यात, आणि दाखल रुग्णांचे कागद तीन वर्षं जपायला हवेत. तोंडी मागितलं तर ‘रेकॉर्ड रूमवाला सुट्टीवर आहे’ हे उत्तर ठरलेलं.

अर्जाचा नमुना कौन्सिलकडे विचारून घ्या. तक्रार हॉस्पिटलविरुद्ध नव्हे, डॉक्टरविरुद्ध करायची. म्हणून नाव आणि क्रमांक हवाच. ‘डॉक्टर निष्काळजी होते’ असं लिहू नका. ‘रात्री अकराला ताप १०३, नर्सने फोन केला, डॉक्टर सकाळी नऊला आले’ असं लिहा. प्रत्येक वाक्यासमोर कोणता कागद पुरावा म्हणून जोडलाय ते नोंदवा. शिव्याशाप गाळा, वाचणारेही डॉक्टरच असतात, त्यांना घटनाक्रम हवा असतो.

पुढे डॉक्टरकडून खुलासा मागवला जातो आणि सुनावणी होते. दोष सिद्ध झाला तर ताकीद मिळते किंवा नोंदवहीतून नाव ठरावीक काळासाठी वा कायमचं निघतं. निकाल सहा महिन्यांत द्यावा, असं नियम म्हणतो. तुम्ही मात्र जास्त वेळ धरून चाला.

भरपाई कौन्सिल देत नाही. ती हवी असेल तर ग्राहक आयोग. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्येच स्पष्ट केलंय. तिथे दोन वर्षांची मुदत असते. कौन्सिलचा निकाल लागेपर्यंत ती थांबून राहत नाही, म्हणून दोन्ही अर्ज एकाच वेळी टाका.