दोन हंडे पाणी

जव्हार तालुका ठाणे जिल्ह्यात मोडत असे त्या काळी तेथील एका वारली पाड्यावर मी शिक्षक होतो. आणि त्या मुक्कामात माझ्या हातून घडलेल्या प्रमादाची हकीकत, पुन्हा कोणा लेकरास त्याचे फळ भोगावे लागू नये म्हणून, लिहून ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो.

वैशाखाचे दिवस होते. विहिरीने तळ गाठला होता आणि बायका पहाटेच पाण्यासाठी दरीत उतरत. अशा एका सकाळी, चुलीवरून नुकत्याच उतरवून ठेवलेल्या पेजेच्या पातेल्यात शेजारच्या झोपडीतील चार वर्षांच्या मुलीचा हात मनगटापर्यंत गेला. किंकाळी ऐकून मी धावलो. तिची आजी म्हणाली, "पानी नको घालू गुरुजी, फोड येल." आरोग्याचा धडा मुलांकडून पाठ करून घेणाऱ्या मला त्यावर उत्तर सुचले नाही, शिवाय कोपऱ्यातले दोन हंडे, म्हणजे त्या घराचा दिवसभराचा सारा साठा, पाहून त्यांना हात घालण्याचा मला धीरही झाला नाही. मी खोलीतून टूथपेस्ट आणली, ती थंड लागते एवढ्याच विश्वासावर हातभर चोपडली, आणि मुलीला टॉवेलात गुंडाळून तिच्या बापाबरोबर दोन तासांची वाट तुडवीत दवाखाना गाठला.

तेथे डॉक्टरांना प्रथम तो लेप खरवडून काढावा लागला. ती रडत होती आणि मी भिंतीकडे पाहत उभा होतो. "पाणी किती वेळ घातलंत?" एवढेच त्यांनी विचारले. जखम यथाकाल भरली, पण दोन बोटे तळव्याकडे ओढली गेली ती तशीच राहिली. पाण्याने ती खचित वाचली असती असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. परंतु जो एक इलाज हाताशी होता तो मी केला नाही, हे मात्र खरे.

विस्तवापासून अंग दूर झाले तरी कातडीत शिरलेली उष्णता आत आत भाजीतच राहते, मुलांची कातडी पातळ असल्याने ती लवकर खोल जाते, आणि पेजेसारखा दाट पदार्थ अंगाला चिकटून बसतो, हे सारे मला त्यानंतर कळले. म्हणून साधे गार पाणी, बर्फ कदापि नव्हे, घड्याळ लावून २० मिनिटे भाजल्या जागी घालावे; काही कारणाने तेव्हा राहून गेले असेल तर ३ तासांच्या आतही त्याचा उपयोग होतो. फोड येतो तो भाजल्यामुळे, पाण्यामुळे नव्हे. तो फोडू मात्र नये. बांगडी, काळा दोरा, करदोटा सूज चढण्यापूर्वी काढावा, पण कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. बाकीचे अंग पांघरुणात ठेवावे, कारण तान्हे मूल गारठते, आणि ते कुडकुडू लागले तर पाणी थांबवावे. मग धुतलेले सुती कापड सैल झाकावे. हळद, तूप, शाई, पाल्याचा रस, यांपैकी काहीही लावू नये.

पाणी कोठून आणावे, हा पाड्यावरचा खरा प्रश्न. पण दोन हंडे पुरतात. खाली स्वच्छ घमेले ठेवून तांब्याने धार धरावी, आणि घमेल्यातले पाणी कोमट झालेले नसेल तर तेच पुन्हा वापरावे. वाट दोन तासांची असो की चार तासांची, ही २० मिनिटे वाया गेली असे समजू नये. मी ती वाचविली आणि त्यात मुलीचे नुकसान केले.

मुलाचा बोटांसकट पंजा म्हणजे त्याच्या अंगाचा सुमारे १ टक्का; किती जागा भाजली ते यावरून अजमावावे. पण केवळ मापावर जाऊ नये. चेहरा, हात, पाय, सांधे वा गुप्तांग भाजले असेल, विजेचा धक्का असेल, किंवा मूल तान्हे असेल, तर जखम लहान दिसली तरी इस्पितळ टाळू नये. आता १०८ ची गाडी बोलाविता येते. जेथे रस्ताच नाही तेथे डोली आहेच.

आणि दोष आयांना देऊ नये. आई पाण्याला किंवा मोळीला गेलेली असते, धाकट्याला सहा वर्षांची बहीण सांभाळते, आणि चूल जमिनीलगत असते. राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पसरलेला पालापाचोळा, भाजण्याच्या दिवसांत तर निखारे राखेखाली तासन् तास जिवंत राहतात व अनवाणी पोरे त्यावरून धावतात. बांधावर एक भरला हंडा असावा, हा शिरस्ता आम्ही पुढे पाड्यावर घालून घेतला.

त्यासाठी मी भगताकडेही गेलो होतो. पाण्याला त्याची हरकत नव्हती. धार चालू असता मंत्र म्हणता येईल ना, एवढेच त्याने विचारले. पुढल्या वर्षी एका मुलाचा पाय राबाच्या राखेत पडला, तेव्हा बांधावरचा हंडा त्याच आजीने ओढीत आणला. ती तांब्याने धार धरून बसली, भगत शेजारी पुटपुटत राहिला, आणि मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत २० मिनिटे मोजली.